ट्रम्पेटवर रचलेले आवाज

बँडच्या गाडीत आत काय असतं हे लग्नाला आलेल्या माणसाला कधी दिसत नाही. त्याला बाहेरचे आरसे दिसतात, रंगीत बल्ब दिसतात, टपावरचे भोंगे दिसतात. आत ॲम्प्लिफायर असतो, वायरींचं जंजाळ असतं, वाजवणाऱ्यांचे डबे आणि चपला असतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या गाडीत या सगळ्याच्या जोडीला मी होते. मांडीवर कीबोर्ड, समोर गोधडीत गुंडाळून दोरीनं आवळलेला कॉम्प्युटर, आणि मनात भीती. लग्नसराई सुरू झाली की ती यायची आणि शेवटची तिथी झाली की जायची.

मी मूळची भित्री नाही हो. शाळेत वेणी ओढणाऱ्या पोराला मी पाटीनं बदडलेलं आहे. सावेडीला कॉम्प्युटर क्लासला जाताना सायकल आडवी घालणाऱ्यांना अशा काही शिव्या दिल्यात की त्यांनी रस्ता बदलला. पण ही भीती माझ्या स्वतःसाठी नव्हती. ती आबांच्या छातीची होती.

आबा म्हणजे माझे वडील, बँडमास्तर. नगरात माळीवाड्याकडे आमचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. खुंट्यांवर लाल कोट, भिंतीवर पितळी वाद्यं, कोपऱ्यात ढोल. आबा ट्रम्पेट वाजवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, क्लॅरोनेट. लोक बँड ठरवायला आले की ठरवल्याचा नारळ द्यायच्या आधी एकच गोष्ट विचारायचे, मास्तर स्वतः येणार ना? आबा वर बघून नुसती मान हलवायचे. त्या मान हलवण्यात एवढा तोरा असायचा की आईला आतून हसू यायचं.

मग एका हिवाळ्यात आबांना खोकला लागला. काढे झाले, गोळ्या झाल्या, खोकला काही हटेना. एके सकाळी मोरीत चूळ भरल्यावर पाणी लाल गेलं आणि ते आईनं पाहिलं. ती ओरडली नाही, मला हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं.

टीबी होता. औषधं सुरू झाली, खोकला हळूहळू उतरला, अंगावर थोडं मांसही आलं. पण डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि फुफ्फुसातली एक जागा दाखवली. तिथे पोकळी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, इथली शीर पातळ झाली आहे, जोर लावला तर फुटेल, आणि फुटली तर रक्त थांबवणं माझ्या हातात असेलच असं नाही. चालायचं, फिरायचं, जेवायचं. फुंकायचं मात्र बंद, कायमचं. आबा त्या फोटोकडे असे बघत होते की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या तरी छातीचा होता. रस्त्यावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "फुंकायचं न्हाई, मग मी करायचं काय?"

आजार कुणाला सांगायची तर सोयच नव्हती. टीबी म्हटलं की लोक पाण्याच्या पिंपाजवळ उभं करत नव्हते, मांडवाच्या दारात कोण उभं करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणाली, आणि तिनं ती मूठ घट्ट आवळली. पण ट्रम्पेटवाला आणायचा कुठून? आमच्याकडचा एक शुगर फॅक्टरीत कायम झाला होता, दुसऱ्याला काहीतरी कुणकुण लागली आणि तो सरळ दुसऱ्या बँडमध्ये गेला. राहिले काका, त्यांच्या जोडीचा एक म्हातारा क्लॅरोनेटवाला आणि ढोलताशे. ट्रम्पेटशिवाय बँड म्हणजे मिठाशिवाय आमटी. तिथी तोंडावर आल्या होत्या आणि नारळ घेऊन झाले होते.

तेव्हा मी सावेडीच्या क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायचे. सरांनी पगाराच्या बदल्यात एक जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारला होता. त्याच्याबरोबर कुठल्याशा मासिकासोबत आलेली एक सीडी मिळाली, तिच्यात आवाज तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटरच्या पोटातला सिंथेसायझर. उघडलं की पडद्यावर चक्र्याच चक्र्या. शाळेतले मास्तर पोराचा कान पिळतात तशी एकेक चक्री माउसनं पिळायची आणि काय होतं ते ऐकायचं. सरांना विचारलं तर म्हणाले, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मदतीचं पान इंग्रजीत होतं, आणि लिहिणाऱ्याची कुणाला काही कळू नये अशीच इच्छा असावी. एक साधा कीबोर्ड वायरीनं त्याला जोडला की त्याच्या कळांवर ते आवाज वाजायचे.

त्यात ट्रम्पेटच्या जवळ जाणारा एक आवाज सापडला. मोठ्या उत्साहानं आबांना ऐकवला. आबा म्हणाले, "डास हाय."

मला राग आला. पण डासच होता तो.

एका कळेवर एकाच्या जागी अनेक आवाज रचता येतात हे मला चुकून कळलं. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर लावायचे, कळ एक आणि वाजणारे अनेक. मी हावरटासारखे दिसेल तेवढे थर चढवले, श्वास रोखला आणि कळ दाबली. डासच, फक्त मोठा! सगळे थर अगदी एकसारखे होते, एकाच क्षणी सुटत होते, एकाच सुरात होते. त्यामुळे पुष्कळ माणसं वाजवतायत असं वाटतच नव्हतं, एकच माणूस जोरात ओरडतोय असं वाटत होतं. दोन दिवस मी त्या चक्र्यांशी भांडले आणि घरातल्यांशीही.

मग दुकानात काका आणि तो म्हातारा एकच चाल घासत बसले होते ते कानावर पडलं. काका कायम केसभर खाली आणि म्हातारा केसभर वर. त्यावरून आबा दोघांना वर्षानुवर्षं ओरडत आले होते. पण मी नीट कान दिला तर त्या दोघांचा जो भरलेला, रुंद आवाज यायचा तो त्या केसभर फटीतूनच येत होता. दोघं तंतोतंत जुळले असते तर एकच क्लॅरोनेट ऐकू आलं असतं. मी तशीच घरी पळाले. एक थर केसभर वर सरकवला, एक केसभर खाली, एकाला किंचित उशिरा सोडला. कळ दाबली आणि भिंतीपलीकडे माणसं उभी राहिली. फार सरकवलं तर मात्र जावाजावांचं भांडण व्हायचं, म्हणून बेतानं सरकवायचं.

थर जमले तरी सूर काठीसारखा सरळ होता. आबांचा सूर हलायचा. त्यासाठी मॉड्युलेशन नावाचा भाग होता, आणि त्या शब्दानंच मला घाम फुटला. गोष्ट मात्र घरातलीच निघाली. आई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून भाकरी थापायची. पाय हलला की पाळणा हलायचा. एका वस्तूनं दुसरी हलवायची, बस्स. इथे पाय म्हणजे एक हळू लाट, जी स्वतः ऐकू येत नाही, आणि पाळणा म्हणजे सूर. लाट सुराला बांधली की सूर थरथरू लागायचा. पण कळ दाबल्या दाबल्या थरथरायचा, शेळीसारखा.

आबा शेजारी बसून ऐकत असायचे. ट्रम्पेट मांडीवर, हात त्याच्या बटणांवर. ते म्हणाले, "आदी सूर हुबा करायचा, मग हलवायचा. आदीच हलवला की भ्यालेला वाटतो." मग मी ती लाट आणखी एका गोष्टीला बांधली, जी शून्यापासून हळूहळू वर चढायची. म्हणजे पाय हलवणाऱ्याच्याही मागे कुणीतरी बसवला. सूर उभा राहिला, क्षणभर थांबला आणि मग हलला. आबांनी डोळे मिटले. डोळे उघडल्यावर ते उठून बाहेर गेले. आई मला म्हणाली, देवच पावला गं.

आमचा बेत असा होता. आबा पुढे, लाल कोटात, ट्रम्पेट ओठाला टेकवून, बोटं चालवत. मागे गाडीत पडद्याआड मी. ट्रम्पेट भोंग्यातून वाजणार आणि लोकांना मास्तर दिसणार. बँडच्या गाडीत बाईमाणूस बसत नाही, तेव्हा मी लग्नघरी पोचायच्या आत गाडीत शिरायचं आणि सगळं पांगल्यावरच बाहेर पडायचं. पाणी कमी प्यायचं. खोकायचं नाही. उघडं पडलं तर वऱ्हाडी मारतील, आणि बँडवाल्याला बडवायला वऱ्हाडी कधी मुहूर्त बघत नाहीत.

त्यात मशीनचे नखरे. कळ दाबली की आवाज लगेच यायचा नाही, जरा मागून यायचा. म्हणून बोट ढोलाच्या आधी टाकायचं आणि आवाज ढोलावर पडू द्यायचा. हे मी आईच्या शिव्या खात घरी गिरवलं. शिवाय प्रत्येक थर म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक पोतं. तीन-चार कळा एकदम दाबल्या की पोती तिप्पट-चौपट व्हायची आणि ते गुदमरायचं. गाडी खड्ड्यात गेली की मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळायचे.

पहिल्या लग्नात माझे दात वाजत होते. भर उन्हाळा, पत्र्याची गाडी, आणि मला थंडी वाजत होती. ढोलाचा ठोका आला, मी बोट टाकलं, आणि टपावरच्या भोंग्यांतून आबांचं ट्रम्पेट रस्त्यावर पसरलं. लोक नाचायला लागले. कुणीतरी आबांवरून नोट ओवाळली. पडद्याच्या फटीतून मला आबांची पाठ दिसत होती आणि खांदे वरखाली होताना दिसत होते. मनात म्हटलं, म्हातारा नाटकात का नाही गेला?

घरी तोच आवाज जरा कोरडा वाटायचा. रस्त्यावर मात्र भरायचा, त्याला कुठून तरी दम यायचा. गाडीत माझ्या कानाशी ॲम्प्लिफायर घोंगावत असायचा, त्यामुळे नीट काही उमगायचं नाही, पण फरक मात्र जाणवायचा. मी म्हटलं, हा भोंग्यांचा गुण, मोकळ्या हवेचा गुण. आणि मनातल्या मनात, माझा गुण.

संध्याकाळी घरी आलं की आई आबांचा रुमाल तपासायची. तिनं मुद्दाम पांढरे रुमाल आणले होते, डाग लपू नये म्हणून. आबा वैतागायचे. चोर समजता काय मला, म्हणायचे. एकदा त्यांच्या ओठावर गोल वळ दिसला. मी विचारलं तर म्हणाले, नुसतं टेकवलं तरी उठतो वळ, दिसायला तर खरं दिसलं पाहिजे. मला पटलं. ऊन चढलं की आबा मध्येच गाडीच्या मागे यायचे आणि पडद्यातून पुटपुटायचे, जरा वर घे, उन्हात सूर चढलाय. काकांच्या क्लॅरोनेटसाठी सांगतायत, असं समजून मी चक्री वर सरकवायचे.

रुमाल पांढरेच राहिले. तरी माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. रोज एक लग्न धड पार पडायचं आणि रोज मला वाटायचं, आजचं निभावलं, उद्याचं काय?

आणि मग पारनेर रस्त्यावरच्या एका गावातलं लग्न आलं. ऐन मे महिना. बाभळीखालीसुद्धा सावली भाजत होती. वरबाप हौशी. त्याला बँड मोठा दिसायला हवा होता आणि मोठा वाजायलाही हवा होता, म्हणून मी त्या दिवशी ट्रम्पेटवर आणखी थर चढवले. परण्या निघाला. आमच्याकडे मुहूर्ताआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात, तो हा परण्या. मारुतीला नारळ फुटला, घोडा वळला आणि आबांनी काकांना खूण करून संथ चाल धरायला लावली. तो त्यांचा जीव की प्राण प्रकार. लांब लांब सूर, प्रत्येक सूर आधी उभा करायचा आणि मग हलवायचा. गाडीत पत्रा एवढा तापला होता की पाठ टेकवत नव्हती. कॉम्प्युटरवर मी ओला पंचा बांधलेला छोटा पंखा सोडला होता. तो गरम हवाच फेकत होता.

चालीच्या मधोमध मी तीन कळा एकदम दाबल्या आणि पडदा थिजला. माउस हलेना. भोंग्यातून सुराच्या जागी टर्रर्र असा आवाज निघाला, पत्रा फाडावा तसा. मी झटक्यात ॲम्प्लिफायरची वायर उपटली. भोंगे गप्प झाले. आता सगळं थांबणार, आता सगळे गाडीकडे बघणार, आता कुणीतरी पडदा ओढणार.

आणि बाहेर ट्रम्पेट वाजतच होतं.

पहिल्यांदा वाटलं, माझ्याच कानात राहिलंय. मग वाटलं, आबांनी वेळ मारून नेली, गडबड बघून तोंड लावलं. पण मी बँडवाल्याची मुलगी आहे. घाईनं उचलून फुंकलं तर पहिला सूर अडखळतो, ओठ बसायला वेळ लागतो. या आवाजाला सुरुवातच नव्हती. तो ओळीच्या मधोमध होता, निवांत, माझ्या आवाजाच्या केसभर खाली, जिथे तो सबंध लग्नसराईभर होता. रस्त्यावर जो दम भरायचा तो भोंग्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता. माझ्या थरांच्या खाली एक थर आबांचा होता.

मी पडदा किंचित सारला. पाठ दिसली, खांदे वर गेले, खाली आले. इतके दिवस मी ज्याला नाटक म्हणत होते तो श्वास होता. भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आधीचं सगळं नुसतं घाबरणं होतं.

आता तर माझा आवाजही नव्हता. आतापर्यंत ते हळू फुंकत असतील, माझ्या आवाजाच्या आडोशानं. आता सगळा परण्या त्यांच्या एकट्याच्या ट्रम्पेटवर होता, आणि मला ऐकू येत होतं, त्यांनी जोर वाढवला होता. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तो नीट बंद झाला नव्हता ना, म्हणून त्यानं तपासणी सुरू केली. निळा पडदा आणि त्यावर पिवळी पट्टी, मुंगीच्या चालीनं सरकणारी. ती टाळायचं बटण कुठलं तेही मला सुचेना. चल गं बाई, चल ना, म्हणत मी त्या पट्टीकडे बघत होते आणि बाहेर आबा एकेक लांब सूर उभा करत होते. प्रत्येक सुराला मी मनात म्हणत होते, हा शेवटचा असू दे, आता थांबा. ते थांबत नव्हते. पट्टी अर्ध्यावरही आली नव्हती.

मग एक सूर चिरला. आबांचा सूर कधी चिरत नाही.

मी कीबोर्ड बाजूला फेकला आणि गाडीतून उडी मारली. बँडच्या गाडीतून मुलगी बाहेर पडलेली बघून नाचणारी पोरं थबकली, पण मला त्यांची शुद्ध नव्हती. मी गर्दीतून पुढे गेले आणि आबांचं मनगट धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि धरलेली ओळ पुरी केली. खरंच पुरी केली! मग ट्रम्पेट खाली घेतलं, म्हणाले, "आत जा," आणि खोकले. पांढरा रुमाल तोंडाला लावला तो काढला तेव्हा पांढरा नव्हता.

काकांनी पुढे होऊन क्लॅरोनेटवर तीच चाल उचलली आणि ढोलवाल्याला डोळ्यांनी दटावलं, थांबू नको. कुणीतरी विचारलं, काय झालं, ही कोण? काका तोंडातून क्लॅरोनेट काढून म्हणाले, मास्तरची पोरगी हाय, ऊन लागलंय मास्तरला. परण्या पुढे सरकला. घोडा आमच्या शेजारून गेला, मुंडावळ्यांतून नवरदेव वळून बघत होता. वरबाप भला माणूस, त्यानं उभ्या उभ्या स्वतःची जीप दिली.

जीपमध्ये आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. बोलू नका, असं मी दहादा म्हटलं असेन, आणि मीच बोलत होते. रडत होते आणि भांडत होते. शेवटी विचारलं, "कधीपासून?"

"पैल्या लग्नापासून," आबा म्हणाले.

"काकांना माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. अर्थात. काका शेजारीच चालत होते, त्यांना कसं कळणार नाही? मास्तरला कोण सांगणार, असं म्हणून सगळे गप्प बसले होते. माझा संताप अनावर झाला. म्हटलं, मग मी कशाला बसले त्या भट्टीत? तुम्ही फुंकू नये म्हणून ना? एवढे थर रचले, रात्रंदिवस एवढ्या चक्र्या पिळल्या, ते कशासाठी?

आबांनी रुमाल बाजूला केला. "तू बसलीस म्हणून तर फुंकता आलं, बाय," ते म्हणाले. "न्हायतर तुझ्या आईला लगीच कळलं असतं."

रस्ता खराब होता, जीप उडत होती, आणि दर धक्क्याला मी त्यांच्या छातीवर हात दाबून धरत होते. जणू बाहेरून दाबलं तर आतलं थांबणार होतं. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

रक्त थांबलं. दवाखान्यात बरेच दिवस गेले, पण थांबलं. डॉक्टर आबांना काही बोलले नाहीत, आम्हाला बाहेर बोलावून बोलले, आणि ते ऐकून आईनं भिंतीला हात टेकला. पुढच्या वेळी इथपर्यंत आणायची वेळ येणार नाही, असं ते म्हणाले.

पुढची लग्नसराई आली तेव्हा मी आबांना घरी बसवायला बघितलं. ते तीन दिवस जेवले नाहीत. शिवाय नारळ घेऊन येणारा प्रत्येक जण विचारायचा, मास्तर स्वतः येणार ना? शेवटी ठरलं, यायचं, पण नुसतं उभं राहायला. आबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आईनं शपथ घेऊ दिली आणि शिवाय रोज सकाळी ट्रम्पेटच्या नळीत कापडाचा बोळा ठोसू लागली. माझा ना शपथेवर विश्वास राहिला होता, ना बोळ्यावर. बोळा काढायला दोन बोटं पुरतात.

आता रस्त्यावरही आवाज घरच्यासारखाच कोरडा वाटायचा. मी थर सरकवून बघितले, लाटा वेगवेगळ्या गोष्टींना बांधून बघितल्या, पण तो दम काही आला नाही. लोक म्हणायचे, मास्तरचं पयल्यासारखं राह्यलं न्हाई. काका ते ऐकून खाली बघायचे. मला मात्र ते ऐकून बरं वाटायचं. तेवढ्यानंही भागायचं नाही, कारण कोरड्या आवाजाखालीसुद्धा कुणी अगदी हळू फुंकू शकतो, आणि आमच्या घरात हळू फुंकणारा माणूस होता.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. चाल ऐन रंगात आली की मधेच, न सांगता, आवाजाची चक्री एका ठोक्यापुरती पार खाली आणायची. भोंगे गप्प व्हायचे. लोकांना ती नवीन तऱ्हा वाटायची, तेवढ्यात पोरं शिट्ट्या मारायची, पुढे पुढे दुसरे बँडवालेही तसं करू लागले. आणि मी गाडीत, पत्र्याला कान लावून, श्वास धरून बसायचे. ढोल ऐकू यायचा, काकांचं क्लॅरोनेट ऐकू यायचं. त्याखाली आणखी काही आहे का, एवढंच मी ऐकायचे. काही नसायचं. मग मी चक्री वर घ्यायचे.